परतीचं तिकीट कोणाच्या हातात?

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. पेशानं आयटी कन्सल्टंट, मध्ये कधीतरी एमबीए केलं, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं लंडनच्या आसपास राहतोय. आज मी तुम्हाला पूर्व लंडनमधल्या दोन जुन्या घरांची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच एका फायलीपासून करतो, कारण ती फाईल नसती तर या घरांकडे मी कधी फिरकलोच नसतो.

फाईलचं नाव होतं 'बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन'. म्हणजे संकट आलं तर काम कसं चालू ठेवायचं याचा आराखडा. पाणी भरलं, आग लागली, वीज गेली, सगळ्याचा विचार त्यात केलेला. सर्व्हर बंद पडला तर चार तासांत पर्यायी सर्व्हर चालू झाला पाहिजे, डेटा पंधरा मिनिटांहून जास्त जुना असता कामा नये, कोणी कोणाला फोन करायचा, तो लागला नाही तर पुढचा नंबर कोणता. चाळीस पानं. ती मीच लिहिली होती आणि क्लायंटनं शाबासकीही दिली होती. त्या चाळीस पानांत भारतातून इथे आलेल्या माणसांविषयी एकच ओळ होती : गरज पडल्यास परतीची व्यवस्था एचआर विभाग बघेल.

मग आला मार्च २०२०. तारखा तुम्हालाही आठवत असतील. १८ मार्चपासून ब्रिटन आणि युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना भारतानं प्रवेश बंद केला. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानंच थांबली. आमच्या टीममध्ये सांगलीकडचा एक मुलगा होता. नाव सांगत नाही. सहा महिन्यांसाठी आला होता, हाउन्स्लोत एका खोलीत राहायचा. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला, "दादा, काही मार्ग आहे का हो?" मी माझी चाळीस पानं उघडली. त्यातली ती एक ओळ वाचली. एचआरला फोन केला. ते म्हणाले, विमानंच नाहीत, तर आम्ही काय करणार? खरंच होतं. आठवड्यानं वडील गेले. अंत्यसंस्कार त्यानं व्हॉट्सॲपवर बघितले, मध्ये दोनदा नेटवर्क गेलं. मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, त्यातल्या एकात अखेर त्याला जागा मिळाली. विलगीकरण संपवून तो घरी पोचला तेव्हा जून उजाडला होता. तेरावं कधीच उरकलं होतं.

विमानं मी सुरू करू शकलो नसतो, हे मला कळतं. पण सर्व्हरसाठी चाळीस पानं आणि माणसासाठी एक ओळ, हा हिशेब माझाच होता. तो तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दोन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, बातमी वाचली की हॅकनीत २६, किंग एडवर्ड्स रोड या घरावर इंग्लिश हेरिटेजनं निळी पाटी बसवली. 'आयाज होम', म्हणजे आयांचं घर. एका रविवारी मेअर स्ट्रीटवरून चालत गेलो. एक जुनं विटांचं घर आणि त्यावर गोल पाटी, बाकी रस्ता नेहमीसारखा. पण घरी येऊन या घराविषयी जे वाचत गेलो, त्यानं माझ्या त्या एका ओळीला चांगलंच उत्तर दिलं.

'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. साहेबाची मुलं सांभाळणारी बाई ती आया. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून मडमा मायदेशी निघाल्या की बोटीवर मुलं सांभाळायला बरोबर आया घ्यायच्या. सुवेझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला आणि हा प्रवास महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला, तशी ही ये-जाही वाढली. बोट लागण्याचा त्रास, रडणारी मुलं, डेकवरची ओल, या सगळ्यात या बाया तरबेज होत्या. अँथनी परेरा नावानं नोंदलेल्या एका आयेनं असा प्रवास ५४ वेळा केल्याचं सांगतात. आपल्यातल्या किती जणांनी ५४ वेळा समुद्र ओलांडलाय?

प्रश्न असायचा तो इथे उतरल्यावर. मूल घरी पोचलं, की आयेचं काम संपलं. काही कुटुंबं तिच्या परतीची सोय करून मगच तिला निरोप द्यायची. काही मात्र गोदीवरून सरळ आपापल्या गावी निघून जायची, आणि ही बाई अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, सुती लुगड्यानिशी लंडनच्या थंडीत उभी. अशा बायांसाठी आल्डगेट भागात एक वसतिगृह चालू झालं. १९०० साली ते हॅकनीत आलं आणि लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेनं ते चालवलं. तीसेक खोल्या, आणि वर्षाला शंभराच्या आसपास आया तिथे राहून जायच्या.

आता यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट ऐका. आयेला ज्या कुटुंबानं आणलं, त्यानं तिच्या परतीचं तिकीट वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाईंकडे जमा करायचं. मग भारतात निघालेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला बोटीवर आया हवी असली, की ते कुटुंब वसतिगृहात यायचं. व्यवस्थापक बाई ते तिकीट त्यांना विकायच्या, आणि त्या पैशांतून आयेचा तोवरचा राहण्या-जेवणाचा खर्च भागायचा. आया काम करत परत जायची. म्हणजे तिकीट मालकाच्या खिशात नाही आणि आयेच्या ट्रंकेतही नाही, ते तिसऱ्याकडे. आमच्या धंद्यात याला 'एस्क्रो' म्हणतात. दोघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा नसतो, तेव्हा पैसे मधल्या माणसाकडे ठेवायचे. एमबीएच्या वर्गात हे मी जाड्या इंग्रजी पुस्तकातून शिकलो. हॅकनीतल्या बाईंनी ते शंभर वर्षांपूर्वी चालवून दाखवलं होतं.

पण ही व्यवस्था दोन ठिकाणी मोडायची. पहिलं ठिकाण म्हणजे तिकीट जमाच न करणारा मालक. १९०८ साली एका आयेला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड देऊन सोडून दिल्याची नोंद आहे. तिचं प्रकरण इंडिया ऑफिसपर्यंत गेलं. आपण आज त्याच किंग्ज क्रॉसवर गाडी बदलतो, हॅरी पॉटरच्या फलाटापाशी पाहुण्यांचे फोटो काढतो. तिथेच कुठेतरी ही बाई उभी राहिली असेल. मालकानं आयेची परत पाठवणी केलीच पाहिजे, असं सक्तीचं बंधन तेव्हा नव्हतं. जे होतं ते एकेकट्या करारावर आणि भलेपणावर.

दुसरं ठिकाण म्हणजे जगावरच आलेलं संकट. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या. समुद्र धोक्याचा झाला, स्त्रियांच्या प्रवासावर निर्बंध आले, आणि आयाज होम अडकलेल्या बायांनी भरून गेलं. तिकीट होतं, पण बोट नव्हती. मी हे वाचलं आणि मला हाउन्स्लोतली ती खोली दिसली. फरक इतकाच, की १९१७ मध्ये अडकलेल्या आयेला निदान एक छप्पर, आपल्यासारख्या चार बाया आणि आपल्या तिकिटाची काळजी वाहणारी एक व्यक्ती होती. आमच्या मुलाकडे माझा फोन नंबर होता.

आता दुसऱ्या घराकडे. हॅकनीहून दक्षिणेला, थेम्सच्या दिशेनं तीनेक मैल गेलं की लाइमहाउस लागतं. तिथे वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ मध्ये एक मोठी इमारत उघडली. नाव लांबलचक, आशिया, आफ्रिका आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या परक्या लोकांसाठीचं घर. लोक नुसतं 'स्ट्रेंजर्स होम' म्हणायचे. पायाभरणी राणीच्या नवऱ्यानं, प्रिन्स अल्बर्टनं केली. देणगीदारांत पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग होते. हे घर मुख्यतः पुरुषांसाठी, म्हणजे खलाशांसाठी होतं. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणायचे.

इथे आपल्या माणसांचा थेट संबंध येतो. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारे कितीतरी खलाशी रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. खाणं-पिणं, केबिन सांभाळणारे बरेचसे गोव्याचे. सारंग आणि तांडेल हे हुद्दे तर आपल्या किनाऱ्यावर घरोघरी माहीत. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांच्या आसपास लास्कर होते. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. त्या युद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात आहे. त्यावरचा आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. त्यांचा परतीचा प्रवास झालाच नाही.

लास्करांच्या बाबतीत गंमत अशी, की आयांना जे नव्हतं ते यांना होतं, म्हणजे कायदा. त्याला कारणही तसंच घडलं होतं. बोट लंडनला लागली की माल उतरायचा, आणि परतीचा माल भरेपर्यंत आठवडे, कधी महिने जायचे. तोवर खलाशांना कामावर ठेवायला जहाजमालक तयार नसायचे. १७८६ च्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यांवर उपाशी लास्कर दिसू लागले, तेव्हा वर्गणी गोळा करायला समिती बसली. १८१४-१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीनं त्यांच्या बराकींची पाहणी केली. शेवटी १८२३ च्या कायद्यानं ठरलं, की निराधार लास्कर सापडला तर ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला सांभाळायचं, परत पाठवायचं आणि खर्च जहाजमालकाकडून वसूल करायचा.

ऐकायला छान वाटतं. मलाही आधी वाटलं, की हे तर आदर्श धोरण, आणलंस तर परत नेऊन सोड. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू बघा. जहाजांवरच्या नियमांपुरतं लास्करांना 'ब्रिटिश खलाशी' धरायचं नाही, असंही त्यातच म्हटलं होतं. करार मुंबईत व्हायचा आणि मुंबईतच सुटायचा. लंडनमध्ये उतरून दुसरी, जास्त पगाराची नोकरी धरायची मुभा नाही. परतीचं तिकीट माणसाच्या सोयीसाठी नव्हतं, तो इथे राहू नये म्हणून होतं. स्ट्रेंजर्स होमही तसंच दुहेरी. निराधाराला अंथरूण-पांघरूण द्यायचं, पण तिथूनच त्याला परतीच्या बोटीवर कामाला लावायचं. दया खरी होती आणि घाईही खरी होती. पुढे १९२५ मध्ये तर सरकारनं असा हुकूम काढला, की ज्या काळ्या-सावळ्या खलाशाकडे ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद नाही, त्यानं परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंद करायची. रत्नागिरीच्या खलाशाचा राजा तोच होता, जो लंडनच्या पोलिसाचा होता. पण कागद नव्हता, म्हणून तो परका.

या दोन घरांतून मी एक गोष्ट शिकलो. माणसाला परत पाठवायची योजना कोण करतं, त्यावर ती कोणासाठी आहे हे ठरतं. मालक करतो तेव्हा ती मालकाच्या सोयीची असते, सरकार करतं तेव्हा सरकारच्या. आयाज होममध्ये काही काळ का होईना, तिकीट अशा हातात होतं ज्याला त्या बाईचं हित दिसत होतं. तेवढ्यापुरतं ते चाललं.

स्वातंत्र्यानंतर हा हात आपल्या स्वतःच्या सरकारचा असेल, अशी आपली साहजिक अपेक्षा. ती एकदा जोरात पुरी झाली. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. अनेकांचे पासपोर्ट मालकांच्या तिजोरीत, आणि मालक देश सोडून पळालेले. बँका बंद, दिनार कवडीमोल. लोक बसनं, ट्रकनं, मिळेल त्या वाहनानं बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचले. तिथून एअर इंडियानं १३ ऑगस्टपासून सुमारे दोन महिने विमानं चालवली, ४८८ फेऱ्या, एक लाखाहून अधिक माणसं. ती मुंबईत उतरली. जगातलं सगळ्यात मोठं नागरी हवाई स्थलांतर म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण त्यातला एक धडा अभिमानात झाकला जातो. सरकार धावून आलं ते अम्मानपासून. कुवेत ते अम्मान हे शेकडो मैलांचं वाळवंट लोकांनी बरंचसं स्वतःच्या जोरावर पार केलं. एकमेकांना धरून, शाळेच्या वर्गांत राहून, याद्या करून, वर्गणी काढून.

२०२० मध्येही तेच. 'वंदे भारत' ७ मे ला सुरू झालं. लंडनहून मुंबईला पहिलं विमान ९ मे ला सुटलं आणि मध्यरात्रीनंतर ३२६ जणांना घेऊन उतरलं. भाडं ज्याचं त्यानं भरायचं, साधारण ५०,००० रुपये. तेही चाललं असतं. पण ओसीआय कार्ड असलेल्यांना सुरुवातीला या विमानांत जागाच नव्हती. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट आणि लेकराकडे ब्रिटिश, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. आई-बाबा जाऊ शकत होते, दोन वर्षांचं बाळ नाही. २२ मे ला नियम सैल झाले, तेव्हा कुठे अशा लहान मुलांना आणि घरात मृत्यू वगैरे झालेल्यांना वाट मिळाली. आजोळी जायला आपण ज्याला 'आजन्म व्हिसा' म्हणतो, तो त्या पंधरा दिवसांत चालला नाही. १९२५ च्या खलाशासारखंच, माणूस तोच, कागदानं परका.

म्हणून आता थोडं आपल्या घरचं बोलू. इथल्या स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली, की कंपनी होम ऑफिसला कळवते आणि मग साधारणपणे ६० दिवस मिळतात. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याला मुदतीआधी काढलं तर मालकाला परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यावा लागतो. इथे तसं गृहीत धरू नका. तुमच्या असाइनमेंट लेटरमध्ये लिहिलं असेल तरच तिकीट तुमचं. ते पत्र आज रात्री काढून वाचा. 'परतीची व्यवस्था बघितली जाईल' असं लिहिलं असेल, तर विचारा : कोण बघेल, किती दिवसांत, बायका-मुलांसकट की एकट्याची, घरी कोणी दगावलं तरीही की फक्त नोकरी संपल्यावर? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपण सर्व्हरसाठी हे सगळं विचारतोच की.

दुसरं, घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, ओसीआय, व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत चालू आहे ते एका कागदावर लिहून ठेवा. सगळ्यांचे कागद एकाच देशाचे नसतील, तर घाईच्या वेळी कोण कोणाबरोबर जाईल हे आजच ठरवा. तीन तिकिटांचे पैसे हात न लावता बाजूला ठेवा. ओल्डविचच्या उच्चायुक्तालयात आपली नोंद करा. २००९ पासून भारत सरकारचा समुदाय कल्याण निधी आहे, अगदी अडलेल्यांना तिकिटासाठी, मृतदेह नेण्यासाठी त्यातून मदत होते, हे लक्षात असू द्या. आणि गावाकडे एक माणूस असा ठरवून ठेवा, जो तुम्ही पोचेपर्यंत हॉस्पिटलात सही करेल, आईजवळ बसेल. माझ्या आईसाठी तो माझा चुलतभाऊ आहे. हे बोलायला मला तीन वर्षं लागली. बोललो तेव्हा तो म्हणाला, "अरे, मी धरूनच चाललो होतो. तू विचारलंस हे बरं केलंस."

माझ्या त्या फायलीचं सांगायचं राहिलं. पुढच्या क्लायंटकडे नवा आराखडा लिहायला घेतला, तेव्हा माणसांविषयीचं प्रकरण पहिलं लिहिलं. सहा पानं झाली. प्रत्येकाच्या परतीच्या तिकिटाचे पैसे प्रोजेक्टच्या खात्यात वेगळे, त्यावर सही करायचा अधिकार दोघांना, आणि त्यातला एक जण टीममधलाच, मॅनेजर नाही. क्लायंटच्या फायनान्सवाल्यानं विचारलं, ही कल्पना कुठून आली? मी म्हटलं, हॅकनीतल्या एका वसतिगृहातून. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करतोय.

कधी लंडन फील्ड्सकडे गेलात, तर दहा मिनिटं काढून किंग एडवर्ड्स रोडवर जा. मुलांना ती निळी पाटी दाखवा. आणि सांगा, की आपल्या आधीही इथे बायका आल्या होत्या, दुसऱ्यांची मुलं कडेवर घेऊन, आणि घरी परत जाण्यासाठी त्या या दारातून आत शिरल्या होत्या.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या, आणि ते पत्र वाचायला विसरू नका. नमस्कार.